ताटाच्या काठावरच्या बिया

काल सकाळी हातगाडीवर यंदाची पहिली भरताची वांगी दिसली. फिकट हिरवी, पोटावर पांढरे पट्टे, एकेक वांगं दोन्ही हातांत धरावं एवढं. मी चष्मा पुसून एक उचललं, अंगठ्याने दाबलं आणि परत ठेवलं. भाजीवाला म्हणाला, "मावशी, घ्या ना, बिनबियांचं शे." मी म्हटलं, "बिनबियांचं असतं तर पुढच्या वर्षी तू काय विकलं असतंस?" तो हसला आणि गाडी पुढे घेऊन गेला. धुळ्याला आता सकाळी स्वेटर लागतो. दुपारी ऊन चांगलं असतं. संध्याकाळी कुठून तरी कापसाच्या काड्या पेटल्याचा वास येतो आणि त्या पाठोपाठ वांग्याचं साल करपल्याचा. हा वास आला की खानदेशात थंडी पडली असं समजायचं.

ईरा, निशांत, तुमचा निरोप पोचला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही येताय, चार वर्षांनी. निरोपात पुढचं वाक्य होतं की भडगावच्या शेतात जाऊन भरीत खायचं आहे, आणि ते सगळ्यांत चांगल्या वांग्याचं हवं. पहिली गोष्ट होईल. दुसरीबद्दल थोडं सांगायचं आहे, आणि फोनवर मला ते नीट सांगता आलं नसतं. फोनवर तुमच्या मागे नेहमी कोणी तरी भांडी लावत असतं.

आधी आजची परिस्थिती. शेत आता देवीदास बघतो. त्याची आई वच्छाअक्का तुम्ही पाहिलेली नाही, तिच्याबद्दल पुढे येईलच. शेतात कपाशी आहे, मका आहे, आणि विहिरीजवळ आमच्या वांग्याच्या दोन ओळी. हे वांगं बाजारातलं नाही. त्याचं बी आम्ही घरात धरतो. मागच्या दोन वर्षी ते धरता आलं नाही. एका वर्षी पावसाने झाडं बसली, दुसऱ्या वर्षी माझा गुडघा. म्हणून या जूनमध्ये डब्यातलं जुनं बी पेरलं. मी साठ दाणे मोजून दिले होते. अकरा रोपं उगवली. वांग्याचं बी चार-पाच वर्षं जगतं, पण दरवर्षी थोडं थोडं मरतं. थोडक्यात, यंदा बी धरलं नाही तर हे वांगं संपेल. धरायचं तर सगळ्यांत चांगल्या झाडावरचं सगळ्यांत चांगलं फळ कोणी खायचं नाही. ते झाडावर पिवळं होऊ द्यायचं.

हे मी शिकले त्या हिवाळ्याची गोष्ट सांगते. गोष्ट म्हणण्यासारखी ती नाही. एक हंगाम होता, आणि मला तो दरवर्षी याच वासाबरोबर आठवतो.

लग्नानंतरचा माझा दुसरा हिवाळा. मी धुळ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले होते. शनिवारी दुपारी चाळीसगाव पॅसेंजर धरायची, चाळीसगावला उतरून भडगावची एसटी, आणि रविवारी रात्री परत. पॅसेंजर सावकाश जायची आणि मला ते आवडायचं. खिडकीतून आधी कपाशीची पांढरी शेतं, मग दादर ज्वारीची हिरवी, आणि गिरणा जवळ आली की उसाचे तुकडे. मांडीवर इंग्रजी पुस्तक. त्यात पिकांचे वाण कसे सुधारतात त्याच्या पद्धती होत्या. सोमवारी त्याच मी फळ्यावर लिहायची. पहिली पद्धत समूह निवड: शेतातली उत्तम झाडं निवडा, त्यांचं बी एकत्र करा, पेरा, पुन्हा निवडा. दुसरी एकल निवड: एकाच उत्तम झाडाचं बी वेगळं ठेवा, त्याची वेगळी ओळ लावा, ओळी ओळींशी ताडून बघा. मुलं वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेत सगळे लिहायचे, "उत्तम झाडे निवडली जातात." निवडलेल्या झाडांची फळं त्या वर्षी कोण खातं, असा प्रश्न तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही. मलाही तो पुस्तकात भेटला नाही. तो भेटला आबांच्या ओट्यावर.

आबा म्हणजे तुमचे पणजोबा, माझे सासरे. उंच, कोरडे, पांढरं धोतर, आवाज कायम शेताच्या दुसऱ्या टोकाला हाक मारावी असा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घर आणि शेत आबांनी आणि सालदाराच्या बायकोने, म्हणजे वच्छाअक्काने चालवलेलं. आबांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक विहिरीचं पाणी आणि दुसरी भरीत. थंडी सुरू झाली की दर आठवड्याला शेतात कोणी तरी जेवायला असायचं. बांधावर काड्यांचा ढीग पेटवायचा, वांग्यांना सुरीने टोचे मारून तेलाचा हात लावायचा, आणि ती आगीत सोडायची. साल काळं होऊन फुटलं की आतली वाफ शीळ घालते. मग गरम गरम सोलून लाकडी बडगीत मुसळाने ठेचायची. त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. मुसळाचा आवाज विहिरीवरून घुमून परत यायचा. पाहुणा तो आवाज ऐकून ताट पुढे ओढून बसायचा.

पाहुण्यांमध्ये मुख्य होते सावद्याचे नाना. आबांचे तरुणपणापासूनचे मित्र, केळीचे बागायतदार. येताना केळीचा घड आणायचे आणि जाताना टोमणा मारून जायचे. भरीत मूळचं कोणाकडचं, यावर दोघांचा जन्मभराचा वाद. नाना म्हणायचे, तापीकडचं. आबा म्हणायचे, तापीकडे केळी पिकवा, वांग्यात बोलू नका.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात नानांनी जेवताना एक गोष्ट केली. दातात आलेली वांग्याची बी बोटाने काढून ताटाच्या काठावर ठेवली. थोड्या वेळाने दुसरी. मग तिसरी. बोलणं चालू, हसणं चालू, आणि काठावर ओळ वाढत चाललेली. हात धुवायला उठताना ते म्हणाले, "आबा, बारा झाल्या."

भरताचं वांगं म्हणजे गर जास्त आणि बिया अगदी कमी, कोवळ्या. बी दाताला लागणं म्हणजे ते वांगं भाजीचं, भरताचं नव्हे. शाळेत मुलाच्या प्रगतिपुस्तकावर लाल शाई यावी तशी ती ओळ त्या काठावर होती. वच्छाअक्काने ताट उचललं तेव्हा ते तिने सरळ धरलं होतं, बिया पडू नयेत म्हणून. आबांनी त्या पाहाव्यात असं तिला वाटत होतं की काय, मला माहीत नाही.

"वाण थकला," आबा मला दुसऱ्या दिवशी म्हणाले. "माझ्या वडिलांच्या वेळी अशी बी नव्हती. जमीन थकते तसा वाणही थकतो, सूनबाई. तुमच्या पुस्तकात यावर औषध आहे का?"

मी विचारलं, "आबा, आपण बी कधी धरतो?"

"होळीनंतर. झाडं उपटायच्या आधी."

"कोणत्या फळांचं?"

"उरतात त्यांचं. पिवळी पडलेली असतात वाफ्यात."

"आणि चांगली फळं?"

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होते की कॉलेजात पगार नक्की कशाचा देतात. "चांगली खातात. वांगं खाण्यासाठीच असतं."

मी त्यांना तेव्हा समजावलं, आणि अजूनही याहून सोपं समजावता येणार नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला पहिलं उत्तम वांगं खंडोबाला जातं. मग पाहुण्यांना. मग घरात. मग बाजारात. या सगळ्यांनी नाकारलेलं, वाकडं, जून, बियांनी गच्च भरलेलं जे उरतं ते बियाण्याला. शिवाय जास्त बियांचं फळ कापलं की एकाच फळात वाफाभर रोपांचं बी निघतं, त्यामुळे तेच सोयीचं. म्हणजे दरवर्षी आपण निवड करतो, पण उलटी. उत्तम ते संपवतो आणि नको ते पेरतो. वाण थकलेला नाही, आपण त्याला एकेक पायरी खाली उतरवत आणलाय.

"म्हणजे आम्ही पाहुण्यांना चांगलं खाऊ घातलं, ही चूक झाली?"

"हो," मी म्हटलं.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. आज हेच उत्तर मी थोडं लांबवून दिलं असतं.

मात्र आबांनी दुसऱ्या वर्षी मला चाळीस झाडं दिली. "तुमची चाळीस. यांना कोणी हात लावणार नाही." तुमच्या आजोबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून चाळीस बिल्ले केले, खिळ्याने आकडे ठोकले, आणि तारेने झाडांना बांधले. माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची वही होती. झाडाची उंची, देठावरचे काटे, फळाचा आकार, साल किती पातळ, बिया किती. बिया कळायला फळ खायलाच हवं. म्हणून प्रत्येक झाडाचं पहिलं फळ वेगळं भाजायचं, वेगळं सोलायचं आणि वेगळं चाखायचं. एका रविवारी दहा. चार रविवार घरात दुसरं काही शिजलं नाही. तुमचे आजोबा म्हणाले, "परीक्षा तुझ्या झाडांची आणि पोट आमचं."

पहिल्याच रविवारी घोटाळा झाला. तोडताना झाडावरून काढून फळांना बांधलेले बिल्ले सोलताना राखेत पडले आणि दहा सोललेली वांगी परातीत सारखी दिसायला लागली. मी वही मिटून बसले. वच्छाअक्का उकिडवी बसून एकेक वांगं देठाला धरून उचलायला लागली. "हाई अकरानं. हाई सतरानं. हाई तेवीसनं." मी विचारलं, कशावरून? "मी तोडेल शे ना. माले माहीत शे." मी चाखून नोंदी केल्या. पुढच्या रविवारी त्याच झाडांची दुसरी फळं बिल्ले सांभाळून भाजली आणि ताडून पाहिली. तिचा एकही नंबर चुकला नव्हता. त्यानंतर मी वहीत तिच्यासाठी एक वेगळा रकाना केला. तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि मी लिहायची.

चौथ्या रविवारी पाच झाडं ठरली. तेवीस नंबर पहिला. त्याच्या फळात बिया अशा की जिभेला शोधाव्या लागाव्यात. मी एका जुन्या लाल साडीच्या पाच चिंध्या फाडल्या आणि पाच झाडांना बांधल्या, लांबून दिसाव्यात म्हणून. वच्छाअक्का कमरेवर हात ठेवून बघत होती.

"ताई, झाडले फडकं कसाले? दिट लागी का?"

"ही झाडं बियाण्याची. यांचं फळ तोडायचं नाही, हे सगळ्यांना कळावं म्हणून."

"सगळासले कळी," ती म्हणाली. तिच्या आवाजात मला तेव्हा काही वेगळं ऐकू आलं नाही.

प्रत्येक झाडावर मी दोनच फळं ठेवली. बाकीच्या कळ्या खुडल्या. वांग्याच्या झाडाचं एक असतं: फळ पिकू दिलं की झाड थांबतं. कोवळं फळ तोडत राहिलात तर ते पुन्हा पुन्हा फुलतं, दर आठवड्याला देतं. एक जरी फळ पिवळं होऊ दिलं तरी पानं जाड होतात, फुलं कमी होतात. त्याचं काम झालेलं असतं. या गोष्टीवरून माणसांबद्दल काही सुचवायचा मोह होतो आणि मी तो आवरते. मुलं परदेशी गेली म्हणजे आमचं बी दूर पडलं, असं सोसायटीतल्या कोणी म्हटलं की मी विषय बदलते. झाडं झाडं असतात.

पौषातला एक शनिवार होता. मी एसटीतून उतरून सरळ शेतात गेले. ऊन तिरपं होतं, कपाशीची बोंडं फुटली होती. लांबूनच लाल चिंध्या दिसल्या, पाचांपैकी चारच. जवळ गेले तर चारही झाडांवर चिंधी होती आणि फळ नव्हतं. देठ सुरीने नीट कापलेले. कोणी चोरून ओरबाडलेलं नव्हतं.

घरी आबा ओट्यावर बसले होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "गुरुवारी नाना आला होता. बरोबर त्याचे व्याही."

"आबा, तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं. हात लावणार नाही म्हटलं होतं, तेही आठवत होतं. पण नाना बसला होता, आणि व्याह्यांसमोर म्हणाला, आबाकडचं भरीत खाताना बिया मोजायच्या असतात. मी सालदाराला सांगितलं, लाल चिंधीची आण."

त्यांनी पुढचं सांगितलं, आणि मला वाटतं ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. नाना जेवले. व्याही जेवले. ताटाचा काठ शेवटपर्यंत कोरा राहिला. नानांनी जीभ दातांवरून फिरवली, पुन्हा फिरवली, आणि म्हणाले, "हे तुझ्या वडिलांच्या वेळचं वांगं आहे, आबा. कुठून काढलंस?" इतक्या वर्षांत नानांनी दिलेली ही एकच शाबासकी.

"छान वाटलं," आबा म्हणाले. "हात धुवून होईपर्यंत छान वाटलं. मग माझ्या ध्यानात आलं की जे परत मिळालं होतं ते मी आताच खाल्लं."

मी रागावले नव्हते असं लिहिणं खोटं होईल. पण राग कोणावर धरायचा, हे ठरत नव्हतं. शेतातली उत्तम फळं कोणती, हे शोधायला एरवी सालदाराला अर्धा तास लागला असता आणि तरी तो चुकला असता. मी ते लाल रंगात लिहून ठेवलं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत खूण केली की वस्तू सुरक्षित होते. शेतात खूण केली की ती दिसते.

वच्छाअक्का गोठ्याच्या दारात उभी होती. मला तिने हाताने बोलावलं.

"तेवीसवर एक शे," ती हळूच म्हणाली. "खाले, मातीले टेकेल. त्यासले दिसनं नही."

"त्याची चिंधी कुठे गेली?"

तिने कमरेचं फडकं उलगडलं. आत लाल चिंधी घडी घालून ठेवलेली. "तुमीन गयात तवाच सोडी लिधी. चिंधी दखी का हात जास." मग फडकं पुन्हा कमरेला खोचत, "तुमले सांगाले जोयजे व्हतं. पण तुमीन शिकेल."

'तुम्ही शिकलेल्या', या वाक्याचं मी आजवर काही केलेलं नाही. ते वहीत लिहून ठेवलं, तिच्या रकान्यात.

फळ मी पाहिलं. तेवीसचं वरचं, चांगलं दिसणारं फळ बाकीच्यांबरोबर गेलं होतं. मातीला टेकून एका बाजूने चपटं झालेलं, सालीवर करडा डाग, कंबर वाकडी. चाळीस झाडांच्या फळांमधून कोणी ते उचललं नसतं. म्हणून तर ते राहिलं होतं. आबाही मागून काठी टेकत आले होते. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे धरणार? याच्यापेक्षा वाकडं नाही मिळालं?" मी सांगितलं की वाकडेपण मातीचं आहे, झाडाचं नाही. दगडाखाली वाढलेल्या फळाला दगडाचा आकार येतो, बी मात्र झाडाचंच असतं. निवडायचं असतं ते झाड, फळ नव्हे. आबा बराच वेळ वाकलेले राहिले. गुडघ्यावर हात होता, त्यांना उठायला त्रास व्हायचा. "बरं," ते म्हणाले. "मग आता हे माझ्याकडे."

पुढचे सहा आठवडे आबांनी कोणालाही भरताला बोलावलं नाही. तुम्हाला हे फार वाटणार नाही. त्या गावात, त्या घराबद्दल, ही बातमी होती. कोणी म्हणालं आबांना मूळव्याध झाली, कोणी म्हणालं सून शहरातली आहे, तिला पाहुणे खपत नाहीत. बाकीच्या झाडांवर वांगी होती, भरीत करता आलं असतं. पण आबांचं म्हणणं होतं, पाहुणा शेतात आला की चांगलं काय आहे ते बघतो, आणि मागितलं की मला नाही म्हणता येत नाही. म्हणून पाहुणाच नको. ते रोज सकाळी न्याहारी करून शेतात जायचे आणि कडुलिंबाखाली बसायचे. अळीसाठी पानं उलटून बघायचे. फळाखाली त्यांनी वाळकं गवत सारून ठेवलं होतं, ओल लागू नये म्हणून. ऊन वाढत होतं, कपाशीची दुसरी वेचणी झाली होती, विहिरीवर पोपट यायला लागले होते. फळ आधी फिकट झालं, मग देठाकडून पिवळं होत गेलं, पिकल्या लिंबासारखं, आणि शेवटी जुन्या पितळेसारखं.

मध्ये एकदा नाना आलेच, केळीचा घड घेऊन, न सांगता. रविवार होता, म्हणून मी होते. आबांनी त्यांना घरातच बसवलं. वच्छाअक्काने शेवभाजी केली, झणझणीत, वरून तेलाचा तवंग. नानांनी ताटाकडे पाहिलं, मग आबांकडे.

"का रे, भरीत?"

"नाही."

"गेल्या खेपेला तर वर्षांचं उट्टं काढलंस. संपलं का गिरणेकाठचं भरीत?"

आबांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. "संपलं," ते म्हणाले.

आबांना एका वाक्यात सांगता आलं असतं की वांगं आहे, झाडावर आहे, आणि का आहे. सांगितलं असतं तर नाना ते बघायला निघाले असते, हे खरं. तरी मला वाटतं कारण तेवढंच नव्हतं. आपल्या हाताने ते खाऊन टाकल्याची गोष्ट मित्राला सांगायला त्यांची तयारी नव्हती. नाना जेवून गेले. जाताना घडातली केळी मोजून परत नेतो म्हणाले, थट्टेने. आबा हसले नाहीत. मी पाहिलेलं त्यांचं ते सगळ्यांत महाग जेवण, आणि त्यात होती शेवभाजी.

होळीच्या आधी फळ तोडलं. आठवडाभर कोनाड्यात ठेवून मऊ पडू दिलं. मग आबांनी स्वतः ते पितळी परातीत फोडलं, हाताने कुस्करलं, आणि पाणी ओतलं. पोकळ बी वर तरंगतं, भरलेलं खाली बसतं. वरचं पाणी मी हळू ओतून देत होते आणि आबा तळाकडे बघत होते. तीन पाण्यांनंतर तळाशी जे उरलं ते एका मुठीत मावलं असतं. हे वांगं चांगलं होतं, म्हणून त्यात बी कमी होतं. चांगल्या वाणाचं बी धरणं एवढं अवघड का, ते त्या परातीत दिसत होतं: जितकं उत्तम, तितकं ते स्वतःला कमी मागे ठेवतं. वच्छाअक्काने बी फडक्यावर सावलीत पसरलं, राखेत घोळलं आणि दुधी भोपळ्याच्या वाळक्या तुंब्यात भरलं. आबांनी तोंडाला कापडी बूच बसवून तो देवघरात ठेवला. खंडोबाच्या टाकाशेजारी. त्या वर्षी तिथे नैवेद्याआधी बी बसलं.

पुढच्या हंगामात त्याची रोपं सगळी सारखी निघाली नाहीत. पुस्तकात निघतात. शेजारच्या शेतात जांभळी वांगी होती आणि मधमाश्यांना बांध कळत नाही. काही झाडांच्या फळांवर जांभळी झाक आली. ती झाडं आम्ही फुलावर यायच्या आतच उपटली असती तर बरं झालं असतं, पण झाक फळ धरल्यावरच दिसली. तेव्हा उपटली. निवड म्हणजे मुख्यतः हेच काम असतं, नको ते काढत जाणं. नवीन काही त्यातून तयार होत नाही. त्यापुढे मी कळ्यांना मलमलच्या पिशव्या बांधायला लागले, आणि एका झाडावर कधी विसंबले नाही. पाच-सहा चांगल्या झाडांचं बी मिसळून धरलं. चिंध्या मात्र पुन्हा बांधल्या नाहीत. कोणती झाडं बियाण्याची, हे फक्त मला आणि वच्छाअक्काला माहीत असायचं. आबांनी स्वतःच सांगितलं होतं, "मला सांगू नका."

त्या हिवाळ्यात नाना आले तेव्हा बांधावर काड्या पेटल्या. ताटाच्या काठावर दोन बिया निघाल्या. नानांनी त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि आकडा न सांगता हात धुवायला उठले. निघताना आबांनी त्यांच्या हातात कागदाची पुडी दिली.

"हे काय?"

"बी. सावद्याला लाव. चांगलं असेल ते खाऊ नकोस, बियाण्याला ठेव."

"आणि?"

"पुढच्या वर्षी मी येतो जेवायला. मी मोजीन."

आबा गेले, नाना गेले, तुमचे आजोबा गेले. वच्छाअक्का सगळ्यांत शेवटी. निळी वही माझ्याकडे आहे. तिचा रकाना अजून वाचता येतो. मी निवृत्त झाले तेव्हा कोणी तरी भाषणात म्हणालं की मॅडमनी अनेक पिढ्या घडवल्या. मी मनात मोजून पाहिलं: वांग्याच्या तोवर जेमतेम तीस.

परवा देवीदासचा फोन आला होता. त्याने फोटो पाठवलेत, अकरा झाडांचे अकरा, सगळे सारख्या उजेडात काढलेले. मी नंबर घालून मागितले होते. "मावशी, बठ्ठा झाडं चांगला शेतस," तो म्हणाला, "पण सातवं दखा." सगळीच झाडं चांगली होती, आणि सातवं मी आधीच पाहिलं होतं. सातव्या झाडावरचं फळ पाहून मला एकदम कोणाचीच आठवण आली नाही, इतकं ते चांगलं आहे. मी विचारलं, "चिंधी बांधली नाहीस ना?" तो म्हणाला, "मायनी शिकाडेल शे." दुसरं चांगलं झाड तीन नंबरचं. आणखी तीन आहेत, बी मिसळायला पुरतील. उरलेली सहा खाण्याची.

तर आता तुमचा निरोप. तुम्ही शेतात याल, काड्या पेटतील, मुसळ तुम्हीच धराल. जे वांगं तुमच्या ताटात येईल ते चांगलं असेल, पण सगळ्यांत चांगलं नसेल. ते तुमच्यापासून दहा पावलांवर झाडावर असेल, थोडं पिवळं पडायला लागलेलं, आणि कोणतं ते मी तुम्हाला दाखवणार नाही. देवीदासलाही विचारू नका. चार वर्षांनी येणाऱ्या नातवंडांना दुसऱ्या प्रतीचं वाढायचं, हे मला सोपं जाईल असं समजू नका. आबांनी सहा आठवडे जे केलं ते मला एका दुपारी करायचं आहे, आणि तुम्ही समोर बसलेले असाल. मला नाही म्हणता येईल की नाही, हे मला नक्की माहीत नाही. म्हणून आधीच लिहून ठेवलं.

निशांतने विचारलंय की थोडं बी तिकडे नेता येईल का. विमानतळावर त्याचे नियम आहेत, ते मी वाचले आहेत आणि आपण ते पाळू. बी इथेच राहील. ते तुंब्यात बसेल, आणि तुम्ही पुन्हा याल तेव्हा असेल.

तुमच्या भरितात एखाद-दोन बिया दाताला लागतील. गिळू नका. ताटाच्या काठावर ओळीने ठेवा. मी मोजीन.